आईवडिलांना रेस ट्रॅकवर गाडी चालवण्याची भेट: गुपित कुठवर राखावे आणि तयारी कशी करावी

ज्यांनी आयुष्यभर मागच्या सीटवरच्या मुलांचा विचार करून जपून गाडी चालवली, त्या आईच्या किंवा वडिलांच्या हाती एक दिवस मोकळ्या ट्रॅकवर, जिथे समोरून कोणी येणार नाही आणि मध्येच कोणी आडवे धावणार नाही अशा रस्त्यावर, एखाद्या वेगवान गाडीचे स्टिअरिंग द्यावे, ही कल्पना ऐकताक्षणी आवडते. म्हणूनच ही भेट बहुधा घाईने घेतली जाते. मीही तशीच घेतली होती. एका परिचितांकडे जायचे आहे, एवढेच सांगून मी वडिलांना थेट ट्रॅकच्या फाटकापाशी नेले. त्यांच्या पायात कडक तळाचे चामडी बूट होते, वाहन परवाना घरी कपाटात होता, आणि नोंदणीच्या टेबलापाशी आरोग्याविषयीचा अर्ज त्यांच्या हातात पडला तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्यांचा रकाना कसा भरावा हे त्यांना मागे रांग उभी असताना, माझ्यादेखत ठरवावे लागले. त्या दिवशी त्यांना गाडी चालवता आली नाही. प्रशिक्षकाशेजारी बसून मारलेल्या दोन फेऱ्यांवर त्यांनी समाधान मानले आणि मला वाईट वाटू नये म्हणून घरी येईपर्यंत त्याचे कौतुक केले.

त्या फजितीतून जे उमगले ते आधीच सांगून टाकतो. या भेटीत गुपित राखायचे ते व्हाउचरचे पाकीट हाती देईपर्यंत. ट्रॅकवर पोहोचेपर्यंत नव्हे. परवाना ज्याचा त्यानेच दाखवायचा असतो, प्रकृतीची माहिती ज्याची त्यानेच द्यायची असते आणि जोखीम मान्य असल्याची सही ज्याची त्यानेच करायची असते. या तीन गोष्टी दुसऱ्या कोणाला परस्पर उरकता येत नाहीत, आणि त्या विचारपूर्वक करायला माणसाला थोडे दिवस लागतात. पुढचा सगळा क्रम याच हिशेबाने लावला आहे.

चालवायचे आहे, बसायचे आहे की शिकायचे आहे

‘रेस ट्रॅकचा अनुभव’ या एका नावाखाली पाचसहा निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात आणि त्यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे दोन आसनांची स्पोर्ट्स कार, शेजारी प्रशिक्षक आणि ठरावीक फेऱ्या. यात गाडी आयोजकाची असते, हेल्मेट तेच देतात, आणि बऱ्याच ठिकाणी प्रशिक्षकाच्या पायाशीही ब्रेकचे पेडल असते. पहिल्यांदा ट्रॅकवर उतरणाऱ्या पन्नाशी-साठीच्या माणसासाठी माझ्या मते हाच प्रकार योग्य आहे.

दुसरा प्रकार एकआसनी, म्हणजे फॉर्म्युला पद्धतीच्या उघड्या चाकांच्या गाडीचा. छायाचित्रात तो सर्वांत देखणा दिसतो आणि भेट देणाऱ्याला त्याचाच मोह पडतो. पण त्या गाडीत शेजारी कोणी नसते, कॉकपिटमध्ये जवळजवळ आडवे होऊन शिरावे लागते, खांदे दोन्ही बाजूंना घासतात आणि पेडल इतकी जवळजवळ असतात की रुंद बुटाने दोन पेडल एकदम दाबली जातात. उंची, वजन आणि बुटाचे माप यांवर आयोजकांची मर्यादा असते. ती विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, आणि गुडघे किंवा कंबर कुरकुरत असेल तर विचारण्याचीही गरज नाही.

तिसरा प्रकार म्हणजे व्यावसायिक चालकाशेजारी बसून भरवेगात मारलेल्या एकदोन फेऱ्या. ज्यांना गाडी चालवण्याचा आता कंटाळा आहे पण वेगाचे आकर्षण कायम आहे, किंवा ज्यांच्याकडे चालू परवानाच नाही, त्यांच्यासाठी हा उत्तम पर्याय आहे. मात्र आपण स्वतः चालवताना मळमळत नाही आणि शेजारी बसल्यावर मळमळते, हे ज्यांच्या बाबतीत घाटातसुद्धा घडते, त्यांना ही भेट शिक्षा वाटेल. चौथा प्रकार ओल्या, निसरड्या केलेल्या फरशीवर गाडी घसरवून ती सावरायला शिकवण्याचा. तो दिसायला साधा असतो, वेग कमी असतो, आणि तरीही कित्येकांना तोच सर्वांत जास्त आवडतो, कारण तिथे शिकलेले दुसऱ्या दिवशी पावसातल्या रस्त्यावर उपयोगी पडते. कार्टिंग तर सर्वांच्या परिचयाचे आहे; त्याला कमी लेखू नये, पण मणक्याला बसणारे हादरे मोठ्या गाडीपेक्षा कार्टमध्ये जास्त असतात, कारण कार्टला सस्पेन्शनच नसते.

राहिला स्वतःची गाडी घेऊन ट्रॅकवर जाण्याचा प्रकार. तो भेट म्हणून देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रोजच्या गाडीचा विमा ट्रॅकवरच्या नुकसानीला बहुधा लागू होत नाही, ब्रेकमधले तेल जुने असेल तर काही फेऱ्यांतच उकळून पेडल स्पंजासारखे मऊ पडते, आणि वाढदिवसाच्या आनंदात टायरांचा हिशेब कोणी करीत नाही. जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफे या १९२७ साली सुरू झालेल्या ट्रॅकवर ठरावीक वेळी कोणीही टोल भरून आपली गाडी घालू शकते, हे ऐकून अनेकांना तिथेच आईवडिलांना न्यावेसे वाटते. पण त्या वेळी तो रस्ता कायद्याने एकेरी वाहतुकीचा टोल रस्ता असतो. एक फेरी २०.८ किलोमीटरची, वळणे सत्तरच्या वर, आणि मागून वेगवान गाड्या अंगावर येत असतात. तिथला पहिला अनुभव शेजारी बसूनच घ्यावा.

गाडी त्यांच्या आठवणीतली निवडावी

इथे भेट देणारे सर्वांत जास्त चुकतात. आपण यादीतली सर्वांत जास्त अश्वशक्तीची गाडी निवडतो, कारण ती आपल्याला हवी असते. आईवडिलांच्या मनात मात्र पंचविशीत भिंतीवर चिकटवलेल्या चित्रातली गाडी असते, किंवा कोणा साहेबांकडे पाहिलेली, एकदाच बसायला मिळालेली गाडी. ती कोणती हे काढून घेणे अवघड नाही. जुने फोटो पाहत बसावे, रस्त्यावर एखादी जुनी गाडी दिसली की विषय काढावा आणि मग गप्प राहावे. माझ्या वडिलांनी असे विचारल्यावर कोणत्याही इटालियन गाडीचे नाव घेतले नाही. एका जुन्या छोट्या उघड्या टपाच्या ब्रिटिश गाडीविषयी ते वीस मिनिटे बोलले. ज्या आयोजकांकडे जुन्या गाड्या असतात त्यांच्याकडे वेग कमी मिळतो, पण क्लच, गिअर आणि इंजिनाचा आवाज यांचा मेळ घालण्याची जी कला त्या पिढीला अवगत आहे, तिचा तिथे मान राखला जातो.

नवीन सुपरकार निवडलीच तर दोन गोष्टी पाहाव्यात. आजच्या बहुतेक वेगवान गाड्यांत क्लचचे पेडल नसते आणि गिअर स्टिअरिंगमागच्या दोन पात्यांनी बदलतात, उजव्या पात्याने वरचा, डाव्याने खालचा. ज्यांनी आयुष्यभर हाताने गिअर टाकले त्यांचा डावा पाय सवयीने क्लच शोधतो आणि रुंद ब्रेकवर आपटतो. हे एकदा सांगून ठेवले की पुरते. दुसरे म्हणजे स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे, हे विचारून घ्यावे. ज्या बाजूची सवय नाही त्या बाजूला बसल्यावर पहिल्या दोन फेऱ्या गाडीची रुंदी ओळखण्यातच जातात. तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो: या गाड्यांतून बाहेर पडणे आत शिरण्यापेक्षा कठीण असते. आसन जमिनीपासून वीतभर उंचीवर असते आणि दाराचा उंबरठा रुंद असतो. जमिनीवर मांडी घालून बसल्यावर आधाराशिवाय उठता येत नसेल, तर जरा उंच बैठकीची स्पोर्ट्स कार निवडावी.

ही भेट फक्त वडिलांची असा समज असेल तर तो सोडून द्यावा. इंग्लंडमधला ब्रुकलंड्स हा खास मोटारींसाठी बांधलेला ट्रॅक १९०७ साली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी म्युरिएल थॉम्पसन यांनी तिथे महिलांची शर्यत जिंकली. वयाचेही तसेच. हॉलिवूडचे अभिनेते पॉल न्यूमन १९९५ साली, वयाच्या ७० व्या वर्षी, अमेरिकेतल्या डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात पहिल्या आलेल्या संघाचे चालक होते. ते मुरलेले चालक होते हे खरे. पण नुसता जन्मसाल पाहून कोणी आईवडिलांना या यादीतून वगळू नये.

सुगावा लागू न देता काय काय पाहून ठेवावे

नोंदणीपूर्वी लागणारी माहिती चार-पाच गोष्टींचीच असते. परवाना आहे का, त्याची मुदत संपलेली नाही ना, आणि तो फक्त ऑटोमॅटिक गाडीपुरता तर नाही ना, हे कोणत्यातरी विम्याच्या किंवा प्रवासाच्या कागदपत्रांच्या निमित्ताने पाहता येते. उंची आणि वजन डोळ्यांनी अजमावू नये, कारण मर्यादेच्या काठावर असलेला माणूस फाटकावरून परत पाठवला गेला तर तो अपमान विसरत नाही. चष्मा कोणता, श्रवणयंत्र आहे का, मानेला पट्टा लावावा लागतो का, हेही नोंदवून ठेवावे. हेल्मेट चेहऱ्यापाशी उघडे मिळेल का, हा प्रश्न आयोजकाला तेव्हाच विचारता येतो.

प्रकृतीच्या बाबतीत मात्र हेरगिरी करू नये. आपल्याला जेवढे माहीत आहे तेवढ्यावरून ही भेट मुळातच अयोग्य आहे का, एवढे पाहावे आणि बाकीचे त्यांच्यावर व त्यांच्या डॉक्टरांवर सोपवावे. फिट येण्याचा इतिहास, अलीकडे झालेला हृदयविकाराचा झटका, पेसमेकर, नुकतीच झालेली डोळ्यांची, पोटाची किंवा पाठीची शस्त्रक्रिया, मानेच्या मणक्यांचे दुखणे, अधूनमधून येणारी चक्कर यांपैकी काही असेल तर पाकीट घेण्याआधीच थांबावे. अनेक गाड्यांत चार किंवा सहा ठिकाणी बांधलेले पट्टे असतात. ते छातीवरून आणि पोटावरून घट्ट आवळले जातात आणि जोरात ब्रेक लावला की शरीराचा भार त्यांच्यावर येतो. पेसमेकर बसवलेल्या जागी किंवा ताज्या टाक्यांवर असा पट्टा आवळणे कोणाही डॉक्टरला आवडणार नाही. औषधाने ताब्यात असलेला रक्तदाब किंवा मधुमेह ही वेगळी गोष्ट आहे. त्यात बहुधा अडचण येत नाही, पण ते लपवू नये आणि त्या दिवशी गोळी चुकवू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ आणि ट्रॅकवरची वेळ यांचा मेळ आधीच घालावा, कारण अशा ठिकाणी ताटकळत बसावे लागणे हे ठरलेलेच असते.

व्हाउचर घेताना आकडे वाचावेत

जाहिरातीत फेऱ्या मोजलेल्या असतात. आपण किलोमीटर मोजावेत. ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोनच्या पूर्ण ट्रॅकची एक फेरी ५.८९१ किलोमीटरची आहे, पण बहुतेक मोठ्या ट्रॅकना आतून जोडरस्ते असतात आणि अशा अनुभवांसाठी त्यांतला लहान वळसा वापरला जातो. समजा फेरी दोन किलोमीटरची आहे आणि फेऱ्या तीन आहेत. एकूण अंतर झाले सहा किलोमीटर. नवख्या माणसाचा सरासरी वेग ताशी १०० धरला तरी सगळा खेळ सुमारे साडेतीन मिनिटांत संपतो, आणि त्यातली पहिली फेरी टायर व ब्रेक गरम होईपर्यंत सावकाश मारायची असते, शेवटची ते थंड होण्यासाठी. एवढ्यासाठी सकाळपासून प्रवास करून आलेल्या माणसाचा विरस होतो. तीन गाड्यांत प्रत्येकी दोन फेऱ्या घेण्यापेक्षा एकाच गाडीत सहा फेऱ्या घेणे कितीतरी पटींनी चांगले. दर वेळी नवे आसन, नवे ब्रेक, नवा आवाज यांची ओळख होईतो उतरायची वेळ येते. एकाच गाडीत चौथ्या फेरीपासून माणूस सैलावतो आणि खरी मजा तिथून पुढे सुरू होते.

त्यानंतर बारीक अक्षरांतला मजकूर वाचावा. गाडीचे नुकसान झाल्यास किती रक्कम चालकाने भरायची आणि जादा शुल्क भरून ती कमी करता येते का, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची ओळ असते. ते जादा शुल्क भेट देणाऱ्यानेच आधी भरून टाकावे. फाटकावर वडिलांनी खिशात हात घातला की भेटीची मजा जाते. व्हाउचरची मुदत किती, तारीख किती दिवस आधी बदलता येते, ते दुसऱ्याच्या नावावर करता येते का, आणि आयोजकाने दिवस रद्द केल्यास काय, एवढे लेखी पाहावे. पावसामुळे दिवस रद्द होईल असे गृहीत धरू नये. दाट धुके किंवा ट्रॅकवर साचलेले पाणी नसेल तर पावसातही गाड्या चालतात, फक्त वेग उतरतो. प्रेक्षकांना आत सोडतात का आणि लहान मुले चालतात का, हेही विचारावे, कारण नातवंडांसमोर हेल्मेट घालून उतरणे हा काहींच्या दृष्टीने या दिवसाचा अर्धा आनंद असतो. गाडीतल्या कॅमेऱ्याचे चित्रण मिळत असेल तर ते घ्यावे. बाहेरून काढलेल्या छायाचित्रांत फक्त गाडी दिसते; आतल्या चित्रणात चेहरा दिसतो.

व्हाउचर शक्यतो तारीख न ठरवता घ्यावे. तारीख त्यांना ठरवू द्यावी.

पाकीट हाती देण्याची वेळ

आठ ते दहा दिवस आधी सांगणे मला योग्य वाटते. तारीख आधीच ठरवून टाकावी लागली असेल तर दोन आठवडे. एवढ्या अवधीत डॉक्टरांना विचारता येते, परवाना शोधता येतो, आणि मुख्य म्हणजे नाही म्हणता येते. चारचौघांत, केक कापताना, कॅमेरा रोखून हे पाकीट देऊ नये. लोकांसमोर दिलेली भेट नाकारता येत नाही, आणि धास्ती वाटत असली तरी मुलांचा विरस नको म्हणून आईवडील हसून होकार देतात. घरात, दोघांतिघांत, चहा घेताना द्यावे. दुसऱ्या खेपेला मी तसे केले. वडिलांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि विचारले, “मलाच चालवायची आहे ना? तू नाही ना बसणार शेजारी?”

काही वेळा उत्तर नाही असे येते. तेव्हा समजूत घालत बसू नये. शेजारी बसून फेरी मारायची, की नुसते पाहायला यायचे, की ते व्हाउचर आपण वापरायचे, हे पर्याय त्यांच्यापुढे ठेवावेत आणि विषय तिथेच सोडावा.

मधल्या आठ दिवसांत

सरावासाठी ट्रॅक लागत नाही. रोजच्या गाडीत बसण्याची पद्धत सुधारली तरी निम्मे काम होते. पाठ टेकवून बसावे आणि हात सरळ पुढे केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकावे, इतके आसन पुढे घ्यावे. ब्रेक पूर्ण दाबला असतानाही गुडघ्यात थोडा बाक राहावा. हात घड्याळात सव्वानऊ वाजल्यावर काटे दिसतात तसे, समोरासमोर ठेवावेत. जुन्या चालकांना एका हाताने, स्टिअरिंगच्या वरच्या टोकाला धरून चालवायची सवय असते आणि ती सुटायला दोनतीन दिवस लागतात.

बूट आधीच घालून पाहावेत. तळ पातळ, सपाट आणि अरुंद असावा; जाड तळाच्या चालण्याच्या बुटांत पेडलचा दाब पायाला कळत नाही, आणि चपला-सँडल घालून कोठेच गाडीत बसू देत नाहीत. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे आणि खांद्यांशी सैल असावेत. ओढणी, मफलर, गळ्यातली लांब साखळी हे सगळे घरी किंवा आपल्या पिशवीत. परवान्याची मूळ प्रत लागते, मोबाइलमधला फोटो बहुधा चालत नाही; ती आदल्या रात्री आपण स्वतः पिशवीत ठेवावी. हे मी अनुभवाने सांगतो आहे.

ट्रॅकवरच्या दिवसाचा क्रम

दिलेल्या वेळेच्या किमान पाऊण तास आधी पोहोचावे. आधी परवाना तपासतात, मग अर्ज आणि सही. बऱ्याच ठिकाणी श्वासाची तपासणी होते आणि आदल्या रात्रीच्या मद्याचा अंशही चालत नाही. त्यानंतर सुरक्षेचे ब्रीफिंग असते. तिथे आपण मागे बसावे आणि आईवडिलांना पुढे बसवावे. ऐकायला कमी येत असेल तर ते प्रशिक्षकाला आधीच सांगावे, कारण पुढे हेल्मेट आणि इंजिन यांच्या आवाजात सूचना हाताच्या खुणांनीही द्याव्या लागतात.

झेंडे समजावून सांगतात, तरी घरीच सांगून ठेवले तर तिथे गोंधळ उडत नाही. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओलांडणे बंद. पिवळ्यावर लाल उभे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. निळा म्हणजे मागून जास्त वेगवान गाडी येते आहे, तिला जाऊ द्यावे. लाल म्हणजे सत्र थांबले, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवण्याच्या जागी, परत यावे. काळा आपल्याला उद्देशून दाखवला तर आपणच परत यायचे. चौकटीचा म्हणजे संपले. निळा झेंडा दिसला की अभिमानी वडील वेग वाढवतात, असे एका प्रशिक्षकाने मला हसत सांगितले होते.

हेल्मेटपाशी पाच मिनिटे हाताशी ठेवावीत. चष्मा काढून ठेवावा, दोन्ही पट्ट्या बाहेर ओढून हेल्मेट मागून पुढे न घालता कपाळावरून मागे उतरवावे, आणि मग चष्म्याच्या काड्या सरळ आत सरकवाव्यात. वडिलांचा चष्मा पहिल्या प्रयत्नात वाकला, कारण त्यांनी तो घातलेलाच ठेवला होता. काड्या कानामागे वळलेल्या असतील तर सरळ काड्यांचा जुना चष्मा सोबत न्यावा. हेल्मेट गालांना दाबणारे असावे. डोके हलवल्यावर ते मागे राहत असेल, तर लहान माप मागून घ्यावे. संकोच करू नये.

गाडीत नेमके काय करायचे असते

हे त्यांना आधी कळलेले असले की प्रशिक्षकाचे पहिले वाक्य ऐकून घाबरायला होत नाही. ट्रॅकवर वळण घेताना रस्त्याची सगळी रुंदी वापरतात: बाहेरच्या कडेने शिरायचे, वळणाच्या आतल्या टोकाला जवळजवळ चाटून जायचे आणि पुन्हा बाहेरच्या कडेला निघायचे. असे केल्याने वळणाचा बाक सपाट होतो आणि त्याच वेगात टायरांवर ताण कमी पडतो. शिरण्याची, चाटण्याची आणि निघण्याची जागा दाखवायला कडेला शंकू ठेवलेले असतात. आयुष्यभर आपल्या लेनमध्ये राहिलेल्या माणसाला पूर्ण रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला जाणे सुरुवातीला चुकीचे वाटते. दोन फेऱ्यांनंतर हीच गोष्ट सर्वांत आवडते.

ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच लावायचा, आणि रस्त्यावर कधी लावला नसेल इतक्या जोरात. टायरची पकड मर्यादित असते. तीच पकड एकाच वेळी गाडी थांबवायला आणि वळवायला मागितली की ती दोन्हींना पुरत नाही आणि गाडी घसरते. ताशी १०० च्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते, २०० च्या वेगात सुमारे ५६. पण वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, म्हणून लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेकची खूण वाटते त्यापेक्षा खूप आधी असते आणि ती पाळायची असते. मग वळणात वेग स्थिर ठेवून, स्टिअरिंग सरळ होऊ लागले की त्याच प्रमाणात हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. वळणाच्या मध्यात घाबरून एकदम पाय उचलणे ही नवख्यांची सर्वांत धोकादायक चूक. पाय उचलला की गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात आणि मागचा भाग बाहेर पडू पाहतो.

नजर मात्र सगळ्यांच्या वरची गोष्ट. जिकडे नजर तिकडे हात वळतात. बॉनेटपुढच्या दहा मीटरांकडे पाहणारा माणूस प्रत्येक वळणाला दचकतो. पुढच्या शंकूकडे, तो दिसताच त्याच्या पुढच्या शंकूकडे पाहणाऱ्याचा वेग आपोआप वाढतो आणि त्याला तो वाढल्याचे कळतही नाही. दुसऱ्या खेपेला आईनेही गाडी चालवली आणि या बाबतीत तिने वडिलांना मागे टाकले, हे इथे नोंदवून ठेवतो. वडील तिसऱ्या फेरीपर्यंत प्रशिक्षकाला रस्ता समजावून सांगत होते. आई सांगितले ते ऐकत होती, आणि पाचव्या फेरीला प्रशिक्षकाने बोलणे थांबवून नुसते बोटाने पुढचा शंकू दाखवायला सुरुवात केली होती.

तोवर आपण काय करावे

शक्य तितके कमी. ‘बाबा, जास्त जोरात दाबू नका’ असे काचेतून ओरडून सांगणे, फेऱ्यांचा वेळ मोजून दोघांची तुलना करणे, निघताना पुन्हा एकदा ‘सांभाळून’ म्हणणे, यांतले काहीही करू नये. शेजारी बसलेला माणूस रोज हेच काम करतो. पाण्याची बाटली, हलके खाणे आणि उतरल्यावर टेकायला जागा एवढे तयार ठेवावे. गाडीतून उतरल्यावर पाच-दहा मिनिटे हात थरथरतात आणि पाय हलके वाटतात. तो अ‍ॅड्रिनलिनचा परिणाम असतो आणि बसल्यावर ओसरतो. छातीत दाब, धाप न थांबणे किंवा चक्कर असेल तर मात्र वाट न पाहता ट्रॅकवरच्या वैद्यकीय पथकाला हाक मारावी. असे पथक कोठे उभे असते हे सकाळीच पाहून ठेवलेले बरे.

उतरल्या उतरल्या ‘कसे वाटले’ असे विचारू नये. ते सांगतात, थोडा वेळ लागतो.

परतीची गाडी आपणच चालवावी. बराच वेळ मोठ्या वेगाची सवय झालेल्या डोळ्यांना नेहमीचा वेग रांगल्यासारखा वाटतो आणि नकळत पाय जड होतो. हा परिणाम तासभर तरी राहतो, असे गृहीत धरून चालावे. आम्ही निघालो तेव्हा वडील शेजारच्या आसनावर बसले, पट्टा नेहमीपेक्षा एक बोटभर जास्त आवळला आणि पहिल्याच वळणावर म्हणाले, “इतका उशिरा ब्रेक? शंकू कुठे होता बघितलास का?” मागच्या सीटवर आई मोबाइलवर चित्रण पाहत होती. घर येईपर्यंत वडिलांचा उजवा पाय, जिथे पेडल नव्हते तिथे, प्रत्येक वळणाआधी दाबला जात होता.